बिगुल वाजवायला माणूस लागतो

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे विषय लिहिला आहे, 'गावातील वृद्ध माजी सैनिकांचा सन्मान'. तो वाचून दोघातिघांनी मघाशी मला गाठलं. म्हणाले, बोंडअळीचं, कापसाच्या वजनातल्या कटतीचं सोडून हे काय काढलंत? बोंडअळीवर जेवणानंतर बोलणारच आहे, ती कुठं पळून जात नाही. पण ज्या माणसांबद्दल मी आता बोलणार आहे, ती माणसं थांबणार नाहीत. १९७१ च्या लढाईत वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीला टेकला आहे. १९६५ चा ऐंशीच्या पुढं गेला. १९६२ ला हिमालयात उभा असलेला पंच्याऐंशीच्या घरात आहे, असला तर. पुढच्या दहा पावसाळ्यांनंतर यातले किती जण ओट्यावर बसलेले दिसतील, याचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या गावापुरता करावा.

आणि ही माणसं कुणी परकी नाहीत. फौजेत सतरा वर्षं काढून शिपाई पस्तीस-छत्तीस वर्षांचा होऊन गावी येतो आणि पुढची चाळीस वर्षं तुमच्या-माझ्यासारखीच कोरडवाहू शेती करतो. तोच पाऊस, तोच व्यापारी. शास्त्रीजींनी १९६५ साली 'जय जवान, जय किसान' म्हटलं, तेव्हा लोकांना वाटलं ही दोन माणसं आहेत. आपल्याकडं पुष्कळ घरांत तो एकच माणूस आहे.

ठरावाचा मसुदा तुमच्या हातात आहे. त्यात म्हटलं आहे की गावोगावच्या भजनी मंडळांनी, शाहिरांनी, बँडवाल्यांनी, लेझीम पथकांनी एकत्र येऊन वर्षातून एक दिवस या माणसांच्या दारात जावं आणि वाजवावं. ऐकायला सोपं वाटतं. म्हणूनच मला वाटतं, ज्यांनी हे करून पाहिलं आहे त्यांचं नीट ऐकावं आणि मग हात वर करावा.

पहिली गोष्ट अमेरिकेतली. तिथं १ जानेवारी २००० पासून एक कायदा लागू झाला. फौजेत प्रामाणिक सेवा केलेला कोणीही माजी सैनिक वारला आणि घरच्यांनी मागणी केली, तर त्याच्या अंत्यविधीला गणवेशातले किमान दोन जवान आलेच पाहिजेत. त्यांनी राष्ट्रध्वजाची घडी करून ती घरच्यांच्या हातात द्यायची आणि बिगुलावर 'टॅप्स' नावाची धून वाजवली जायची. शिपाई असो की जनरल, हा मान सर्वांना. कायदा चांगला होता. पण कागदावरचा कायदा जमिनीवर उतरताना काय होतं, हे या मंडपात बसलेल्यांना मी सांगायची गरज नाही.

झालं असं की दुसऱ्या महायुद्धात दीड कोटीहून अधिक अमेरिकन फौजेत गेले होते, आणि ती पिढी नेमकी तेव्हा ऐंशीला पोचली होती. सगळ्या युद्धांचे मिळून दिवसाला सुमारे १८०० माजी सैनिक वारत होते. फौजेकडं बिगुल वाजवणारे होते सुमारे ५००. म्हणजे पेरणीच्या दिवसात तालुक्याला एक तिफण, तशातली गत. कायद्यात पळवाट होती. वाजवणारा नसेल तर ध्वनिमुद्रित धून चालेल. मग स्मशानात टेपरेकॉर्डर दिसू लागले. ज्या माणसानं उमेदीची वर्षं देशाला दिली, त्याला निरोप द्यायला एक डबा आणून ठेवायचा आणि बटण दाबायचं.

लोकांना ते बोचलं. सरकारलाही बोचलं असावं, कारण २००३ च्या सुमारास एक नवीनच युक्ती निघाली. खऱ्या बिगुलाच्या तोंडात बसेल असं एक यंत्र. जवान बिगुल ओठाला लावून उभा राहतो, हळूच बटण दाबतो आणि आतून मुद्रित धून वाजते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हाच वाजवतो आहे. धून मात्र अगदी बिनचूक.

भावांनो, यात मी त्या जवानाला दोष देत नाही. त्याला जे दिलं ते त्यानं केलं. पण सरकारच्या हातात काम दिलं की ते कुठल्या टोकाला जातं, याचा हा नमुना आहे. मान द्यायचा आहे ना? मग मान दिल्यासारखं दिसलं की झालं.

त्याच सुमाराला, म्हणजे २००० साली, टॉम डे नावाच्या एका माणसानं वेगळा रस्ता धरला. तो स्वतः नौसेनेच्या मरीन दलातला माजी सैनिक आणि बिगुल वाजवणारा. त्यानं विचार केला, फौजेकडं वाजवणारे कमी आहेत, पण देशात काय कमी आहेत? शाळेच्या बँडमध्ये वाजवणारी पोरं-पोरी आहेत, त्यांचे मास्तर आहेत, गावच्या बँडमधले हौशी लोक आहेत, निवृत्त झालेले म्हातारे आहेत. त्यानं 'बगल्स अक्रॉस अमेरिका' नावाची संघटना काढली. ज्या घरात माणूस गेला त्या घरानं कळवायचं, जवळच्या वादकानं जायचं आणि धून वाजवायची. घरच्यांकडून पैसा घ्यायचा नाही. बघता बघता हजारो माणसं यात आली.

यात एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. नाव नोंदवायला आलेल्या प्रत्येकाला आधी वाजवून दाखवावं लागतं. हौस आहे म्हणून भागत नाही. चोवीस सुरांची धून आहे ती, त्यातला प्रत्येक सूर स्वच्छ आला पाहिजे. फुकट करायचं काम म्हणून कसंबसं करायचं, असं त्यांच्यात चालत नाही. आपल्याकडच्या सेवाभावी कामाला हे एवढं एक कलम लावलं तरी बराच फरक पडेल.

या धुनेची कथा मोठी ऐकण्यासारखी आहे. १८६२ सालचा जुलै महिना. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं. व्हर्जिनियातल्या हॅरिसन्स लँडिंग या ठिकाणी फौजेचा तळ पडला होता, लढाईनं माणसं थकली होती. डॅनियल बटरफील्ड नावाच्या जनरलला रात्री दिवे मालवायची जी इशारत होती ती आवडत नसे. त्यानं ऑलिव्हर नॉर्टन या आपल्या बिगुलवाल्याला बोलावलं, एका पाकिटाच्या मागं सूर लिहून दाखवले आणि त्याच्याकडून वाजवून घेत घेत त्यांची लांबी कमीजास्त केली. त्या रात्री ती धून वाजली आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या तुकड्यांचे बिगुलवाले ती शिकायला आले. पुढं समोरच्या शत्रूच्या फौजेनंही ती उचलली. त्याच मोहिमेत एका तोफखान्याचा जवान पडला. रिवाजाप्रमाणं बंदुकांच्या फैरी झाडल्या असत्या, तर जवळच असलेल्या शत्रूला वाटलं असतं लढाई पुन्हा सुरू झाली. म्हणून कप्तानानं फैरी टाळल्या आणि ही धून वाजवायला सांगितली. तेव्हापासून ती निरोपाची धून झाली.

बिगुलाला बासरीसारखी भोकं नसतात, पेटीसारख्या पट्ट्या नसतात. सगळं ओठावर आणि दमावर. या धुनेत सूर चारच आहेत. तेच चार फिरून फिरून चोवीस होतात. पण थंडीत ओठ आखडले तर मोठा कलावंतसुद्धा चुकतो. २५ नोव्हेंबर १९६३ ला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या दफनाच्या वेळी फौजेचा नावाजलेला वादक कीथ क्लार्क हीच धून वाजवायला उभा होता. तासन्‌तास थंडीत ताटकळलेला. सगळं जग बघत असताना त्याचा सहावा सूर फाटला. आणि लोक काय म्हणाले? वादक चुकला असं नाही म्हणाले. म्हणाले, बिगुलालाही हुंदका आला.

यंत्राचा सूर कधी फाटत नाही. म्हणूनच ते यंत्र अशा कामाला उपयोगाचं नाही.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, हे सगळं माणूस मेल्यावरचं झालं. बरोबर आहे. मेल्यावर मान देण्यात आपणही मागं नाही. शहीद जवानाची अंत्ययात्रा निघाली की पंचक्रोशी लोटते. १९६२ च्या युद्धात पडलेल्यांसाठी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी जे गाणं म्हटलं, ते आजही लागलं की माणसं गप्प होतात. त्याची चाल बांधणारे सी. रामचंद्र हे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. होय, २०१७ साली शेतकऱ्यांचा संप जिथून पुकारला गेला तेच पुणतांबे. मेलेल्यासाठी चाल बांधायला आपला माणूस कमी पडला नाही. पण त्याच लढाईतून जिवंत परत आला, आणि पुढं साठ वर्षं गावात राहिला, त्याच्यासाठी गावानं काय वाजवलं? जिवंत आला हा काय त्याचा गुन्हा झाला?

अमेरिकेत हा प्रश्न २००५ साली एका माणसानं सोडवायला घेतला. अर्ल मोर्स हा ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्डला माजी सैनिकांच्या दवाखान्यात काम करायचा. २००४ साली राजधानीत दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक उभं राहिलं. दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांना तो विचारायचा, बघायला जाणार का? ते म्हणायचे, जाऊ कधीतरी. जाणार कसे? ना अंगात बळ, ना गाठीला पैसा. मोर्सला छोटं विमान चालवता यायचं. त्यानं तसेच विमान चालवणारे मित्र जमवले आणि मे २००५ मध्ये सहा लहान विमानांतून बारा म्हाताऱ्यांना स्मारक दाखवून आणलं. त्यातून 'ऑनर फ्लाइट' ही चळवळ उभी राहिली आणि पुढं लाखांवर माजी सैनिक असे जाऊन आले.

माझ्या विषयाशी त्याचा संबंध असा की हे म्हातारे परत येतात तेव्हा ठिकठिकाणी विमानतळावर गावचा बँड उभा असतो. शाळेची पोरं असतात, चर्चमध्ये गाणारी मंडळी असते, निवृत्त मास्तर ढोल घेऊन आलेले असतात. कुणाला पैसे दिलेले नसतात. यातले कित्येक म्हातारे लढाईहून आले तेव्हा कुणी वाजवलं नव्हतं, गुपचूप घरी येऊन ते कामाला लागले होते. आणि प्रवासात त्यांना टपाल वाटतात. रणांगणावर वाटायचे तसं, एकेकाचं नाव पुकारून. घरच्यांनी, शाळेतल्या लेकरांनी लिहिलेली पत्रं. याला काय खर्च आला? टाक आणि कागद. आज त्या महायुद्धातले अमेरिकन सैनिक लाखाच्या आत उरले आहेत. मोर्स 'जाऊ कधीतरी' म्हणून बसला असता, तर लाखो जण तसेच गेले असते.

दुसरी गोष्ट बेल्जियम देशातली, आणि ती तुमच्या रानाच्या जवळची आहे. ईप्र नावाचं एक लहान शहर आहे, भोवती सगळी शेती. पहिल्या महायुद्धात तिथं चार वर्षं तोफा चालल्या. आजही तिथला शेतकरी नांगरट करतो तेव्हा फाळाला न फुटलेले तोफगोळे लागतात. तो ते उचलून बांधाच्या कडेला ठेवतो आणि फौजेची माणसं येऊन घेऊन जातात. तिथले लोक त्याला लोखंडाचं पीक म्हणतात. शंभर वर्षं झाली, पीक सरलेलं नाही.

त्या गावात 'मेनिन गेट' नावाची मोठी वेस आहे. ज्यांचा मृतदेहही सापडला नाही अशा चोपन्न हजारांवर सैनिकांची नावं तिच्या भिंतीवर कोरली आहेत. त्यात आपल्या हिंदुस्थानी फौजेतल्या चारशेहून अधिक जवानांची नावं आहेत. शेतकऱ्यांचीच पोरं ती, बोटीतून नेऊन चिखलात उभी केलेली. १९२८ साली गावच्या फौजदारानं ठरवलं, आपल्या गावासाठी मेलेल्यांची संध्याकाळी आठवण करायची. १९२९ पासून रोज रात्री आठ वाजता वेशीतली रहदारी थांबते आणि गावचे बिगुलवाले 'लास्ट पोस्ट' ही धून वाजवतात. हे बिगुलवाले पगारी फौजी नव्हेत. ते गावच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवी दलातले लोक, दिवसा आपापला कामधंदा करणारे. जर्मनांनी मे १९४० मध्ये गाव घेतलं तेव्हा धून बंद पडली. ६ सप्टेंबर १९४४ ला गाव सुटलं, आणि त्याच संध्याकाळी, गावात दुसरीकडं गोळीबार चालू असतानाच, ती पुन्हा वाजली. जुलै २०१५ मध्ये ती तीस हजाराव्यांदा वाजली.

मला यातली सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट म्हणजे 'रोज'. पाऊस असो, बर्फ असो, ऐकायला हजार माणसं असोत की दोन. आपल्याकडं पहिल्या वर्षी मंडप पडतो, दुसऱ्या वर्षी फलक लागतो, तिसऱ्या वर्षी कोणी विचारत नाही. रोजचं मी मागत नाही. वर्षातून एक दिवस मागतो, पण तो चुकवायचा नाही.

आता आपल्या गावाकडं येऊ. आपल्याकडं काय कमी आहे? गावागावात भजनी मंडळ आहे. पखवाज आहे, टाळ आहेत, पेटी आहे. शाहिराची परंपरा आहे. हलगी, संबळ, सनई आहे. पण इथं मला थोडं कडू बोलायचं आहे, आणि ते तुम्ही ऐकून घ्याल असा भरवसा आहे.

अमेरिकेतला मास्तर फुकट वाजवायला जातो, कारण त्याच्या संध्याकाळची भाकरी ठरलेली आहे. आपल्या गावात हलगी कोण वाजवतो? सनई कोण फुंकतो? मातंग, होलार, गुरव. पिढ्यान्‌पिढ्या गावानं त्यांना बलुत्यावर वाजवायला लावलं. लग्नात पुढं चालवलं आणि पंगतीला मागं बसवलं. त्यातला हलगीवाला आज दुसऱ्याच्या रानात रोजानं जातो. त्याला आपण म्हणायचं, देशासाठी फुकट वाजव? त्याचा तो दिवस म्हणजे त्याची मजुरी आहे. ती बुडवून घेतलेल्या कामाला सेवा म्हणता येत नाही, ती वेठ झाली. घामाचं मोल मागणाऱ्यांनी दुसऱ्याचा घाम फुकट घेऊ नये.

म्हणून माझी सूचना आहे, ठरावात एक ओळ वाढवा. ज्याचं पोट वाजवण्यावर किंवा रोजावर आहे, त्याला रीतसर सुपारी द्या, बिदागी द्या, आणि ती आपण वर्गणी काढून देऊ. फुकट कोणी वाजवायचं? ज्याला परवडतं त्यानं. आपली कॉलेजात जाणारी पोरं, पतपेढीतले कारकून, शाळामास्तर, आणि इथं बसलेले बागायतदार. हलगी शिका. त्याच हलगीवाल्याला गुरू करून शिका, आणि गुरूला गुरूसारखं वागवा. सेवा करायची तर आधी हात सोलू द्या. आणि मानकऱ्यांची यादी करताना वस्ती विसरू नका. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली, तिच्यातून लढून आलेले पुष्कळ म्हातारे आज गावकुसाकडच्या घरांत आहेत. वाजंत्री त्यांच्याही दारात त्याच वाटेनं, तेवढाच वेळ गेली पाहिजे.

करायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. दिवस १६ डिसेंबरचा धरावा. १९७१ साली त्या दिवशी ढाक्याला पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली. तेव्हा आपल्या रानात कापसाची वेचणी चालू असते, पण रब्बी ज्वारी निसवलेली असते आणि संध्याकाळ मोकळी असते. आधी महिनाभर गावातल्या माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या विधवांची यादी करा. ग्रामपंचायतीत विचारा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मग दोघांनी घरी जाऊन सांगा, आम्ही यायचं म्हणतो, चालेल का? काही जणांना गर्दी नको असते. काहींनी जे पाहिलं ते त्यांना आठवायचं नसतं. नको म्हणाले तर दोन माणसांनी जाऊन राम राम करून यावं, तोही मानच आहे. हो म्हणाले तर विचारा, काय ऐकायचं? कोणी अभंग सांगेल, कोणी पोवाडा, कोणी पलटणीतलं गाणं. जे सांगितलं ते बसवून, तालीम करून जा. तिथं बिगुलवाल्यांची परीक्षा घेतात हे विसरू नका.

फटाके नकोत, डी.जे. नको. तोफखान्यात कान गेलेल्या किंवा रात्री दचकून उठणाऱ्या माणसाच्या दारात सुतळी बाँब फोडणं हा सन्मान नाही. पुढाऱ्याचं भाषण नको. शाल-नारळ द्यायचंच तर द्या, पण फोटोसाठी त्या म्हाताऱ्याला उन्हात तासभर ताटकळवू नका. शाळेतल्या पोरांकडून त्याला एकेक पत्र लिहून घ्या आणि नाव पुकारून हातात द्या. वाचता येत नसेल तर नातवानं वाचून दाखवावं.

आणि शेवटचं. वाजवलं म्हणजे फिटलं असं समजू नका. वाजवायला जाल तेव्हा ओट्यावर बसून विचारा, पेन्शन मिळते का? हयातीचा दाखला दरवर्षी कोण नेऊन देतं? पती वारल्यावर बाईच्या नावावर कुटुंब निवृत्तिवेतन झालं का, की कागदात नाव चुकलं म्हणून अडकून पडलं आहे? प्रत्येक पथकाबरोबर लिहितावाचता एक तरुण द्या, त्याच्या पिशवीत वही-पेन असू द्या. नोंद करा आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या कार्यालयात जा. दारात सनई आणि आत अडकलेला अर्ज, असा सन्मान त्या यंत्राच्या बिगुलासारखाच. बाहेरून बिनचूक, आत माणूस नाही.

ठरावावर आता मतं घेऊ. ज्या गावाला हे यंदा जमणार नाही त्यानं हात वर करू नये, त्याबद्दल कुणी काही म्हणणार नाही. ज्यानं हात वर केला, त्यानं निघताना मंडपाच्या दारातल्या वहीत तीन नावं लिहून जावं. यादी कोण करणार, तालीम कोण घेणार, वर्गणी कोण जमवणार. बैठक संपायच्या आत ती वही मी वाचून दाखवीन.

एवढं बोलून थांबतो. जेवणानंतर बोंडअळी.